बोलघेवड्या मुलांचं अडतं कुठं?

शाहीर अनंत फंदींच्या संगमनेरात जिभेवर सरस्वती असलेल्या मुलाचं कौतुक होणारच. असा मुलगा वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवतो, पाढे धडाधड म्हणतो. पण भूमितीची रचना आली की कंपास हातात धरून बसतो. नकाशात त्याची प्रवरा भलतीकडूनच वाहते. बुटाची नाडी सुटलेलीच. समोरचा चेष्टा करतोय की रागावलाय, हे त्याला चेहऱ्यावरून कळत नाही. ‘डोकं आहे, पण लक्ष नाही,’ असं म्हणून घरचे मोकळे होतात. वर्गात तो धांदरट ठरतो.

अमेरिकेत डोरिस जॉन्सन आणि हेल्मर मायकलबस्ट यांनी १९६७ साली अशा मुलांचा वेगळा विचार मांडला. अध्ययन अक्षमता म्हणजे वाचन-लेखनाची अडचण, असं समजलं जाण्याच्या त्या काळात त्यांनी हावभाव, दिशा, अंतर न उमगणारी मुलं दाखवून दिली. पुढे कॅनडातल्या विंडसर विद्यापीठाचे बायरन रूर्क यांनी १९८९च्या पुस्तकात या ‘अशाब्दिक अध्ययन अक्षमते’चं सविस्तर चित्र रेखाटलं आणि तिचं मूळ मेंदूतल्या श्वेतद्रव्यात शोधलं.

याच सुमारास स्वमग्नतेची व्याख्याही रुंदावत होती. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४मध्ये वर्णिलेली मुलं लोर्ना विंग यांनी १९८१ साली इंग्रजी वाचकांपुढे आणली. तीही बोलकी, अवघडलेली, समवयस्कांत एकटी पडणारी. हे साम्य नजरेत भरण्यासारखंच होतं. १९९५मध्ये येल विद्यापीठाच्या अमी क्लिन यांनी रूर्क आणि इतर सहकाऱ्यांसह तुलना केली, तेव्हा अ‍ॅस्पर्गर असं निदान झालेल्या २१ जणांपैकी १८ जणांत रूर्क यांचा नमुना सापडला. मग दोन्ही एकच, असं अनेकांना वाटू लागलं.

पण ते इतकं सोपं नव्हतं. लंडनमध्ये अमिता शाह आणि ऊटा फ्रिथ यांना उलटंच दिसलं होतं: ठोकळ्यांची नक्षी जुळवण्यात स्वमग्न मुलं पुष्कळदा इतरांपेक्षा सरस ठरत. अशाब्दिक अक्षमतेचं मूल तर नेमकं तिथेच अडखळतं. शिवाय तेच-तेच करत राहणं, एकाच विषयाचा ध्यास, आवाज-स्पर्शाचा जाच ही स्वमग्नतेची लक्षणं त्याच्यात असतीलच असं नाही. मैत्री जमवताना दोघंही चुकतात. चुकण्याची कारणं मात्र वेगळी असू शकतात. काही मुलांत दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, हेही खरं.

२०१३ साली अमेरिकी मनोविकार नियमावलीनं अ‍ॅस्पर्गर हे नाव काढून ते स्वमग्नतेच्या वर्णपटात विलीन केलं. अशाब्दिक अक्षमतेला त्या नियमावलीत आधीही जागा नव्हती, तेव्हाही मिळाली नाही. आता अमेरिकी संशोधक एमी मार्गोलिस आणि त्यांचे सहकारी दृष्टी-अवकाश आकलनाची अडचण हाच तिचा गाभा मानून तिला नवं नाव देऊ पाहत आहेत. त्यांच्या २०२०च्या अंदाजाप्रमाणे अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ३ ते ४ टक्के मुलांत ती असावी.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता स्वतंत्रपणे नोंदल्या आहेत. दुसरीची व्याख्या सुरू होते भाषेपासून; आकलनातील दोष आणि हालचालींतला अवघडलेपणा पुढे यादीत येतात खरे, पण शाळेचं लक्ष वाचन-लेखनावरच खिळलेलं. अस्खलित वाचणाऱ्या मुलाला तपासणीला पाठवायचं कुणाला सुचणार?

नागपूरच्या डॉ. आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लरच्या बुद्धिमापन चाचणीला भारतीय रूप दिलं. त्यात शाब्दिक आणि कृतीचा बुद्ध्यांक वेगवेगळा निघतो. दोन्हींची सरासरी काढली की मधली दरी झाकली जाते आणि मूल ‘सामान्य’ म्हणून परत येतं. तेव्हा संगमनेरहून पुण्या-नाशिकला मूल दाखवायला नेणाऱ्या पालकांनी नुसत्या एका आकड्यावर समाधान मानू नये. दोन्ही बुद्ध्यांक लेखी मागून घ्यावेत, आणि स्वमग्नतेची तपासणी वेगळी झाली का, हेही विचारावं.