रक्त न सांडणारें शस्त्र

तरवारीनें माणूस मेला तर मारणारा कोण हें शोधावें लागत नाहीं. वार करणारा समोर असतो आणि त्याच्या हाताला रक्त लागलेलें असतें. परंतु एखाद्या मोठ्या शहराच्या अंधाऱ्या खोलींत अपुऱ्या अन्नानें खंगलेली म्हातारी ऐन हिंवाळ्यांत खोकल्याच्या निमित्तानें गेली, तर तिला कोणीं मारलें? वैद्य रोगाचें नांव सांगेल, शेजारी वयाकडे बोट दाखवतील; आणि शेंकडों मैल दूर, समुद्रावरच्या धुक्यांत धान्याचें जहाज अडवून उभ्या असलेल्या खलाशाला तर आपण कोणाला मारलें ही शंकाहि येणार नाहीं. नाविक नाकेबंदी हें युद्धांतलें असें शस्त्र आहे कीं, तें चालविणाऱ्याचा हात कोरडा राहतो. हात कोरडा राहिला म्हणून तो निर्दोषहि राहिला काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारूं इच्छितों.

रसद तोडणें ही युक्ति आपणांस अपरिचित नाहीं. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं खांदेरीच्या बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं व सिद्दीनें आपलीं गलबतें आणून बेटाचा पुरवठा तोडण्याचा यत्न केला. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या वेळीं त्यांच्या हातांवर तुरी देऊन सामान पोंचवीत राहिल्या, आणि अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. ह्या झगड्यांत दोन्ही बाजूंस हातांत शस्त्र घेतलेले लोक होते. बेटावरच्या शिबंदीला उपास पडले असते, तर लढावें कीं बेट सोडावें हें ठरविणें तिच्या सेनापतीच्या हातीं होतें. पण जेव्हां एक अखंड राष्ट्रच किल्ला मानलें जातें, तेव्हां त्याच्या तटाआड सैनिकांबरोबर पाळण्यांतलीं मुलेंहि येतात. आणि दरवाजा उघडण्याची किल्ली त्यांच्या हातीं कधींच नसते.

पहिल्या महायुद्धांत ब्रिटननें जर्मनीभोंवतीं घातलेला वेढा ह्या जातीचा होता. नाकेबंदी कायदेशीर व्हावयाची तर ती प्रत्यक्ष परिणामकारक असली पाहिजे, असें १८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यानें ठरविलें होतें. पुढें १९०९ च्या लंडनच्या जाहीरनाम्यानें युद्धसामग्री आणि अन्न यांत भेद केला. सैन्यासाठीं जाणारें अन्न अडवावें, सामान्य प्रजेचें अडवूं नये, असा त्याचा आशय. परंतु तो जाहीरनामा कधींच पक्का झाला नाहीं. नोव्हेंबर १९१४ मध्यें ब्रिटननें सबंध उत्तर समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला. शत्रूच्या बंदरांपुढें पाणसुरुंगांच्या व पाणबुड्यांच्या तोंडीं उभें राहण्याऐवजीं स्कॉटलंड आणि नॉर्वे यांमधला दूरचा समुद्र रोखून धरण्यांत आला. पुढें हॉलंड, डेन्मार्क अशा तटस्थ देशांनीं किती माल आणावा यालाहि मोजमाप लागलें, कारण त्यांच्या बंदरांतून तो जर्मनींत जात होता. सैन्याचें अन्न कोणतें आणि प्रजेचें कोणतें हा भेद पाहतां पाहतां पुसला गेला.

युद्धापूर्वी जर्मनी आपल्या अन्नाचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा बाहेरून आणीत असे. पण घाव केवळ ह्या हिश्श्यावर पडला नाहीं. चिलीचा सोरा येईनासा झाला. हवेंतला नायट्रोजन पकडण्याची विद्या जर्मन शास्त्रज्ञांनीं साधली होती, परंतु तो प्रथम तोफांच्या दारूकडे गेला आणि शेतें खतावांचून राहिलीं. घोडे व तरुण माणसें आघाडीवर गेलीं. जानेवारी १९१५ मध्यें बर्लिनमध्यें पाव मोजून मिळूं लागला. १९१६ सालीं बटाट्याचें पीक रोगानें व पावसानें बुडालें, आणि पुढचा हिंवाळा लोकांनीं एरवीं गुरांपुढें टाकावयाच्या सलगमासारख्या कंदावर काढला. ‘सलगमांचा हिंवाळा’ हेंच नांव त्याला राहिलें. ह्यांतला सर्व दोष वेढा घालणाराचा नव्हे. जर्मन सरकारनें भाव बांधण्यांत चुका केल्या आणि आहे तें अन्न आधीं सैन्याला दिलें. शेतकऱ्यानें आपल्यापुरतें राखलें, श्रीमंतानें चोरट्या बाजारांत घेतलें. उरला तो शहरांतला गरीब, वृद्ध, रोगी आणि वेड्यांच्या इस्पितळांतला असहाय मनुष्य. नाकेबंदीचा बाण राजवाड्यावर रोखलेला असतो, पण तो नेहमीं झोंपडींत जाऊन पडतो.

मग ह्या शस्त्रानें युद्ध जिंकलें काय? सैन्याला त्यानें चटकन् लोळविलें नाहीं. त्याचा खरा परिणाम आडवाटेनें झाला. हळूहळू आवळत जाणाऱ्या फासानें जर्मन सेनानींचा धीर सुटला. काळ आपल्या बाजूस नाहीं ह्या भावनेनें त्यांनीं १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांना निर्बंध मोकळीक दिली, आणि सुमारें दोन महिन्यांनीं अमेरिका युद्धांत उतरली. भूक येथें स्वतः लढली नाहीं. तिनें शत्रूकडून घातक उतावीळ करविली.

नाकेबंदीच्या बाजूनें जें बोललें जातें तें उडवून लावण्याजोगें नाहीं. १ जुलै १९१६ ह्या एका दिवशीं सोमच्या रणांगणावर १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले. असल्या संहारानें जें साधत नाहीं तें जहाजें अडवून साधत असेल तर तें कां करूं नये? शिवाय जर्मनीच्या पाणबुड्याहि ब्रिटनला उपाशी मारावयासच निघाल्या होत्या, आणि १८७०-७१ मध्यें पॅरिसला वेढा घालून उपास घडविणारे जर्मनच होते. हें सर्व खरें आहे. लढाई चालू असतां दोन अनर्थांतला एक निवडण्याची पाळी येते, आणि निवडणाराला आम्ही सहजासहजीं दोष देणार नाहीं.

परंतु ह्या समर्थनाची परीक्षा ११ नोव्हेंबर १९१८ नंतर झाली. तोफा थांबल्या, वेढा थांबला नाहीं. अन्न पुरवूं असें वचन होतें. पण जहाजें कोणत्या अटीवर द्यावींत, किंमत सोन्यांत घ्यावी कीं नाहीं, ह्या घासाघिशींत सबंध हिंवाळा गेला. मार्च १९१९ च्या आरंभीं ऱ्हाईनवरील ब्रिटिश सेनेचे सेनापति प्लमर यांची तार आली कीं, भुकेलीं मुलें पाहणें शिपायांना असह्य झालें आहे. आणि लॉइड जॉर्ज यांनीं ती मित्रराष्ट्रांच्या बैठकींत वाचून दाखविली. त्याच महिन्यांत ब्रुसेल्स येथें करार होऊन धान्य निघालें. वेढा पुरता उठला तो १२ जुलै १९१९ रोजीं. त्याच वर्षीं उपाशी ऑस्ट्रियन मुलांचीं चित्रें असलेलीं पत्रकें लंडनमध्यें वांटल्याबद्दल एग्लंटाइन जेब ह्या बाईंना पांच पौंड दंड झाला. मुलांच्या साहाय्यासाठीं त्यांनीं काढलेली संस्था आजहि चालू आहे. एकूण किती माणसें गेलीं? जर्मन सरकारनें डिसेंबर १९१८ मध्यें सात लाख त्रेसष्ट हजार आंकडा सांगितला, १९२८ च्या एका अभ्यासानें तो चार लाख चोवीस हजारांवर आणला. दोहोंतलें हें अंतरच बोलकें आहे: ज्या शस्त्राचे बळी मोजतां येत नाहींत, तें शस्त्र खालीं ठेवण्याची घाई कोणालाच नसते.

येथेंच आम्हांस प्रश्नाचें उत्तर सांपडतें. प्लमरचे शिपाई चार वर्षें ह्याच शत्रूशीं लढले होते. त्यांच्याइतका त्याच्यावर राग कोणाचा असणार? तरीहि त्यांना जें पाहवलें नाहीं तें दूरच्या मेजांभोंवतीं बसलेल्यांना महिनोन् महिने चालवून घेतां आलें. शिपाई अधिक सज्जन होते असें नव्हे; ते अधिक जवळ होते. १९७७ च्या जिनीव्हा येथील करारानें नागरिकांना उपाशी ठेवणें हें युद्धाचें साधन म्हणून निषिद्ध ठरविलें, ही मोठीच प्रगति होय. परंतु कायदा अंतर नाहींसें करूं शकत नाहीं. तें काम विवेकालाच करावें लागतें. जो वेढा घालतो त्यानें तटाआडचीं मुलें रोज डोळ्यांपुढें आणावींत, आणि त्यांच्याकडे पाहूनहि हात मागें घेववत नसेल, तरच ‘निरुपाय’ हा शब्द उच्चारावा. ज्यानें तिकडे पाहिलेंच नाहीं, त्याला तो शब्द उच्चारण्याचा अधिकार नाहीं.