वाद करावा, वितंडा टाकावी

गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी 'वाद' हीही आपली विभूती म्हटली आहे. भांडण ही ईश्वराची विभूती कशी, असे पुष्कळांना वाटते. परंतु येथे वाद म्हणजे भांडण नव्हे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे बोलणे, तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही बोलणे, तो जल्प. स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचा खोडीत राहणे, ती वितंडा. यांपैकी वादालाच भगवंतांनी आपले म्हटले आहे.

हा विवेक आजच्या गृहस्थाला फार उपयोगी आहे. पूर्वी चर्चा पारावर, दहाबारा परिचितांत होई. आज ती हातातील फोनवर शेकडो, हजारो अनोळखी माणसांत चालते. कोणी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो, कोणी न वाचताच उत्तर देतो, कोणी वर्मी बोलतो. रात्री दिवा मालवला तरी मन प्रत्युत्तर जुळवीत राहते आणि सकाळी राग निघतो तो घरच्यांवर. परक्याच्या शब्दाचा दंड आपल्या मुलांनी भरावा, हा कोणता न्याय?

यावर पहिला उपाय असा की, अज्ञानाला दुष्टपणा समजू नये. संगणकांवरून चालणारी यूझनेट नावाची चर्चाव्यवस्था १९८० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. दर सप्टेंबरात विद्यापीठांतील नवे विद्यार्थी तीत येत, रीतभात न जाणता बोलत आणि काही आठवड्यांत शिकत. पुढे सामान्य ग्राहकांनाही दार उघडले आणि नवख्यांचा ओघ थांबेना. म्हणून १९९३ च्या सप्टेंबरला जुने लोक 'न संपणारा सप्टेंबर' म्हणू लागले. मोठ्या समुदायात कोणीतरी नेहमीच नवा असतो. आपण शंभरदा ऐकलेला प्रश्न तो प्रथमच विचारीत असतो. अर्जुनाचेच पाहा. कर्म श्रेष्ठ की त्याचा त्याग, हा संशय तो तिसऱ्या अध्यायात विचारतो आणि पाचव्यात पुन्हा विचारतो. 'हे मागेच सांगितले' असे म्हणून भगवंत त्याला झिडकारीत नाहीत. पुन्हा समजावून सांगतात.

दुसरा उपाय असा की, जेथे ऐकण्याची इच्छाच नाही तेथे थांबावे. ज्याला ऐकावयाचे नाही त्याला हे सांगू नकोस, असे भगवंत अठराव्या अध्यायात बजावतात. इतकेच नव्हे, प्रिय अर्जुनालाही सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेप्रमाणे वाग, असेच म्हणतात. शेवटचा शब्द आपलाच असावा हा हट्ट जेथे जगद्गुरूंनी धरला नाही, तेथे आपण कोण?

मग असत्य पसरत असता, दुर्बळाचा अपमान होत असता गप्प बसावे काय? मुळीच नाही. तेथे सत्य एकदा स्पष्टपणे मांडावे, समुदायाच्या चालकांना कळवावे. एवढे आपले कर्तव्य. ऐकणाऱ्याने मानावे हे फल आहे आणि त्यावर आपला अधिकार नाही.

तिसरा उपाय स्वतःच्या मनाचा. क्रोधाचा उगम विषयाच्या चिंतनात आहे, असे दुसरा अध्याय सांगतो. टोचणारे वाक्य दहादा उघडून वाचणे हेही असेच चिंतन होय. म्हणून ते मिटावे. उत्तर लिहिलेच तर रात्रभर ठेवावे आणि सकाळी सतराव्या अध्यायातील वाणीच्या तपाची कसोटी त्याला लावावी: हे उद्वेग न देणारे आहे काय? सत्य, प्रिय आणि हितकर आहे काय? टिकले तर पाठवावे, न टिकले तर पुसून टाकावे. पुसलेल्या उत्तराने कोणाचेच मन दुखावत नाही.

ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो भगवंतांना प्रिय आहे. यातील दुसरा भाग कठीण असल्यास पहिल्यापासून आरंभ करावा. तो आजच, पुढच्या वाक्यापासून आपल्या हाती आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥