मागचा दिवा

ट्रॅक्टरचा पुढचा दिवा गेला तर माणूस त्याच दिवशी दुरुस्त करून घेतो. रस्त्यातला खड्डा त्याला स्वतःला दिसायला पाहिजे असतो. ट्रॉलीचा मागचा दिवा गेला तर मात्र हंगाम संपेपर्यंत तसाच राहतो. त्याच्या उजेडात आपल्याला काहीच दिसत नाही. तो असतो मागनं येणाऱ्यासाठी, आणि तो कोण, कुठला, हे आपल्याला ठाऊक नसतं. तो सुखरूप बाजूनं निघून गेला, तर आपल्या दिव्यामुळं गेला हे त्यालाही कळत नाही. अशा माणसाचं आपण काही देणं लागतो का, आणि लागत असलो तर किती?

आमच्या ऊसपट्ट्यात गाळप सुरू झालं की रात्रीचा रस्ता ट्रॉल्यांचा होतो. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, चाल बैलगाडीपेक्षा थोडी बरी. मोटारसायकलवाला ताशी 60 किलोमीटरनं येत असला तर सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापतो. समोरनं एखाद्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की त्याला पुढचं काही दिसत नाही. दिसलाच तर तो लाल ठिपका.

आता ह्या ठिपक्याची गंमत सांगतो. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची. करंट वायरनं दिव्यापर्यंत जातो, पण तिथून बॅटरीकडं परत यायलाही त्याला वाट लागते. ती वाट म्हंजे अर्थ. पुष्कळ जण जायची वायर टाकतात, यायची टाकतच नाहीत. ट्रॉली लोखंडाची, ट्रॅक्टर लोखंडाचा, मधली हुकाची पिनसुद्धा लोखंडाची, मग आणखी वायर कशाला? अंगणात उभ्या ट्रॉलीला हे चालतंही. पण पिन हुकात सैल असते, वर गंज नि ग्रीस. रस्त्याला लागलं की ती उडते, टेकते, पुन्हा सुटते. तेवढ्यात दिवा जातो-येतो, नाहीतर मिणमिणतो. 12 चे 10 व्होल्ट झाले तरी बल्बाचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. अर्थ पुरता तुटला तर करंट भलत्याच दिव्यातून वाट काढतो. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर लुकलुकल्यासारखा होतो. मागच्याला वाटतं, हा वळतोय.

काही वर्षांमागं आमच्या रस्त्यावर असंच झालं. शेजारच्या गावचं पोरगं भरल्या ट्रॉलीवर मागनं आदळलं. जीव वाचला, पाय गेला. सकाळी लोक जमले, तर ट्रॉलीवाल्यानं सगळ्यांसमोर बटण दाबलं. दिवा लागला. "बघा की, लाईट हाय का न्हाई?" पोराचं म्हणणं एकच, मला दिवा दिसला नाही. त्यावर पारावर कितीतरी दिवस वाद चालला. निम्मे म्हणाले, पोरगं वेगात असणार. असेलही.

माझं मत वेगळं पडलं. दोघंही खरं बोलत होते असं मला वाटतं. ट्रॉलीवाल्यानं दिवा बसवला होता, पैसे खर्चले होते, अंगणात लावूनही बघितला होता. पण त्याचं काम त्याच्या डोळ्यांना दिवा दिसला तिथं संपलं. पोराला तो रस्त्यावर, चालत्या ट्रॉलीला, खड्ड्यात आपटताना दिसायला हवा होता. अंगणातल्या परीक्षेत पास झालेला दिवा आपल्या मनाच्या समाधानापुरता. त्यावर देणं फिटलं असं मी धरत नाही. "तात्या, एवढं कोण बघत बसतंय?" असं मला एकानं विचारलं. दुसरी वायर काही हत्तीच्या मोलाची नाही, एवढंच मी म्हणालो.

वायर टाकायची तर दिव्यापासून थेट सॉकेटच्या अर्थच्या पिनपर्यंत टाकावी. सात पिनांच्या सॉकेटात अर्थला स्वतंत्र पिन दिलेलीच असते. जिथं बोल्टनं आवळायची तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करावं. रंगावर आवळलेली वायर नुसती शोभेची. वळणावर ताणून तुटणार नाही एवढी ढिली सोडावी. आणि तपासायला दोन माणसं लागतात. एकानं सगळे दिवे लावून, ब्रेक दाबत ट्रॅक्टर हळूहळू चालवायचा, दुसऱ्यानं मागं चालायचं. चालवणाऱ्याला हा दिवा कधीच दिसत नाही, कितीही हुशार असला तरी. मी पोराला मागं चालायला लावतो, तो कुरकुरतो.

वायर नीट असली तरी उसाची वाढं दिव्यावर लोंबतातच. भरून झाल्यावर ती कोयत्यानं छाटायला दोन मिनिटं लागतात. रेडियमची पट्टी जरूर लावावी, तिला करंट लागत नाही. पण ती दुसऱ्याच्या उजेडावर चमकते आणि ब्रेक दाबला की नाही हे सांगत नाही.

रात्री रस्त्यात ट्रॉली पंक्चर झाली की मात्र हीच माणसं तिच्यामागं दगड मांडतात, झाडाची फांदी टाकतात, कारण तेव्हा ती स्वतः चाकाशी खाली बसलेली असतात. चाक बदललं की ट्रॉली जाते. दगड तिथंच राहतात, पहाटे डेअरीला दूध घालायला जाणाऱ्यासाठी.