हलती मान

मानेच्या शस्त्रक्रियेचं यश मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली, १० प्रश्नांची, ५० गुणांची. झोप, वाचन, वजन उचलणं यांच्या जोडीला तीत गाडी चालवण्याचाही प्रश्न आहे. बोरिवलीला चढून अंधेरीला उतरणाऱ्याला गाडी चालवायची नसते, गाडीत उभं राहायचं असतं. एक हात कडीला, मान शेजाऱ्याच्या बॅगेखालून तिरकी. त्याला गुण कसे द्यायचे?

मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली, नस दबली, हाताला मुंग्या आल्या, की गळ्याच्या पुढून शिरून गादी काढतात. जुनी रीत मग ते दोन मणके जोडून टाकते. गादीच्या जागी बसवलेली कृत्रिम चकती सांधा हलता ठेवते, म्हणजे शेजारच्या गाद्यांवर जादा ताण येऊ नये. अमेरिकेत अशा चकतीला पहिली मंजुरी २००७ मध्ये मिळाली. भीती खोटी नव्हती: १९९९ च्या हिलिब्रँड यांच्या अभ्यासात मणके जोडलेल्यांपैकी दरवर्षी साधारण ३ टक्क्यांना शेजारी नवा त्रास सुरू झाला होता. पण तो जोडण्यामुळे की वयामुळे?

लांब पल्ल्याच्या चाचण्यांत चकतीवाल्यांवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कमी आली. मात्र त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च चकती बनवणाऱ्यांचाच. नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये रुग्णाला पत्ता न लागू देता तुलना केली, तेव्हा दोन वर्षांनी गुणांत फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. हात दुखायचा थांबतो तो नस सुटल्यामुळे, आणि नस दोन्हीकडे सुटते. काहींच्या चकतीभोवती तर पुढे हाड वाढतं, जपलेली हालचाल गोठते, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो!

परळच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी तर उलटीच मांडणी केली: मणक्यांची अस्थिरता हे मूळ, गादीची झीज मागाहूनची, तेव्हा हलणारं बांधा. मानेचे पहिले दोन मणके प्लेट-स्क्रूने बांधण्याची त्यांची रीत १९९४ पासून जगाला माहीत आहे. (त्या दोघांत गादी नसतेच.) झिजलेल्या मानेबद्दलचं त्यांचं मत सगळ्यांनी मानलेलं नाही, मलाही ते पुरतं पटत नाही, पण हालचाल म्हणजे आरोग्यच, या गृहीताला ते बरोबर टोचतं.

पस्तिशीतल्या, एकच गादी सरकलेल्या, मागचे सांधे शाबूत असलेल्या माणसाने मुलुंडला वा घाटकोपरला चकती बसवून घेतली, तर मी त्याला अडवणार नाही. फक्त जादा पैसे कशाचे, ते त्याला आधी कळावं. दुखणं जाण्याचे नव्हेत. दहा-पंधरा वर्षांनी वरच्या किंवा खालच्या गादीचं ऑपरेशन कदाचित टळेल, त्याचे.