निराशी म्हणजे निराश नव्हे



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिसाव्या श्लोकावर. मूळ श्लोक तुम्ही पोथीत बघालच, मी इथे भाव सांगते. भगवंत अर्जुनाला म्हणतात, सगळी कर्मं माझ्यावर सोपव, आशा सोड, 'माझं' म्हणणं सोड, आतला ताप उतरू दे आणि लढ. यात 'निराशी' असा शब्द आलाय. मराठी कानाला तो 'निराश' असा ऐकू येतो आणि तिथेच घोळ होतो. आशाच सोडली तर माणूस लढेल कशाला?

सध्या हा प्रश्न मला नुसता वाचनापुरता वाटत नाही. आमच्याकडे मोशीत मांजराची दोन आजारी पिल्लं आहेत. आली तेव्हा तीन होती.

आपल्या या पट्ट्यात थंडीत हे नेहमीचंच. चाकणहून रात्रपाळी करून आलेली गाडी पार्किंगला लागते, इंजिन गरम असतं आणि मांजरी पिल्लं उचलून बॉनेटखाली नेऊन ठेवते. सकाळी गाडी सुरू व्हायच्या आत कुणाला म्यांव ऐकू आलं तर नशीब. आमच्या वॉचमनकाकांना ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत मांजरी फिरकली नाही, तेव्हा काका खोकं घेऊन दारात आले, "ताई, तुम्ही बघता का?" डोळेसुद्धा उघडले नव्हते. सगळ्यात लहान पिल्लू नव्वद ग्रॅमचं. चौथ्या रात्री एक गेलं. उरलेल्या दोघांचे डोळे उघडले, पण सर्दीनं चिकटतात, आणि धाकट्याचं वजन तीन दिवस तिथेच अडकलंय.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं सरळ विचारलं, "अगं, यातली जगतात तरी किती? एवढी आशा कुठून आणतेस?" तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. उत्तर द्यायचं म्हणून मी पुन्हा पोथीकडे वळले, आणि दोन जुन्या गोष्टी समोर आल्या.

पहिली महिपतींच्या 'भक्तविजया'तली, राका कुंभाराची. पंढरपूरच्या या कुंभारानं कच्ची मडकी आव्यात रचली. त्यातल्या एका मडक्यात मांजरीनं पिल्लं ठेवली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. आवा पेटला, आणि मांजरी भोवती ओरडत फिरू लागली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पेटलेला आवा काही उघडता येत नाही. त्यानं विठोबाला हाक मारली, पिल्लं वाचली तर घरदार लुटवून टाकीन असं बोलला. आवा निवल्यावर बघतात तर ते एक मडकं कच्चंच, आणि आत पिल्लं जिवंत. राकानं शब्द पाळला, घरातलं सगळं देऊन टाकलं.

दुसरी गोष्ट भागवताच्या पाचव्या स्कंधातली, भरत राजाची. राज्य सोडून तो गंडकीकाठी तप करत होता. सिंहाच्या गर्जनेनं घाबरून एका गाभण हरिणीनं नदीत उडी घेतली, तिचं पाडस पाण्यात पडलं, ती मेली. भरतानं पाडस उचललं, वाढवलं. हळूहळू पूजा सुटली, नेम सुटला. पाडस दिसेनासं झालं की जीव कासावीस. मरताना मनात तेच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. दोघांनीही मुक्या जिवाची दया केली. मग एकाची गोष्ट आपण कौतुकानं सांगतो आणि दुसऱ्याची इशारा म्हणून, असं का? मला वाटतं, भरतानं पाडस उचललं यात दोष नव्हता. न उचलता तो जपाला बसला असता, तर त्या तपाला काय अर्थ होता? घसरण नंतरची, पाडस 'माझं' झालं तिथली. राकानं पिल्लं वाचल्यावर होतं तेही सोडलं. भरतानं पाडस वाचल्यावर घट्ट धरून ठेवलं. श्लोकातला 'निर्मम' शब्द हाच फरक दाखवतो.

पण राकाच्या गोष्टीपाशी आपण प्रामाणिक राहायला हवं. प्रत्येक आव्यात एक मडकं कच्चं राहत नाही. आमच्या तिसऱ्या पिल्लासाठी आईनं देवापाशी दिवा लावला होता, तरी ते गेलं. तिची भक्ती राकापेक्षा कमी पडली का? मी असं कुणालाही म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. ती गोष्ट 'तुझंही वाचेल' असं वचन देत नाही. तिच्यात मला आवा पेटलेला असतानाचा राका जास्त दिसतो. आत काय झालंय हे कळायला मार्ग नाही आणि माणूस तरीही पाठ फिरवून जात नाही.

आता 'निराशी'कडे येऊ. सोळाव्या अध्यायात भगवंत आशेच्या शेकडो दोरांनी बांधलेल्या माणसांचं वर्णन करतात. हा दोर कसा काचतो, ते पिल्लं सांभाळताना रोज कळतं. पिल्लू गार पडलं असेल तर त्याला दूध पाजायचं नसतं. अंग थंड असताना पोटात गेलेलं पचत नाही, उलट जिवावर बेततं. आधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, हळूहळू ऊब, मग दूध. तेही गाईचं नाही, त्यानं जुलाब होतात. पिल्लांसाठीची पावडर मिळते ती. पाजताना पिल्लू पालथंच हवं, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. पण मन म्हणत असतं, 'प्यायलं की जगेल, दे लवकर.' ही आशाच आहे, पण ती पिल्लाकडे बघत नाही, स्वतःच्या भीतीकडे बघते. श्लोकात ज्याला ताप म्हटलंय, तो हाच असावा. तो उतरला की हात आधी पिल्लाच्या पोटाला लागतो, गार आहे की कोमट ते बघतो.

वजनाचंही तेच. या वयात रोज साधारण दहा ग्रॅम वाढायला हवेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आकडा येतो तो येतो. आमच्या कामात लॉग जसा आहे तसा वाचावा लागतो, आवडत नाही म्हणून बदलता येत नाही. वजन वाढलं नाही तर दोन फीडमधलं अंतर कमी करायचं, डॉक्टरांना फोन करायचा. निराश माणूस तो आकडा बघून सिरिंज खाली ठेवतो. आशेनं बांधलेला माणूस काट्यावरच शंका घेतो. निराशी माणूस आकडा लिहितो आणि रात्री दोनचा गजर लावतो.

याचा अर्थ कोरडं व्हायचं असा नाही. पिल्लू गेलं तेव्हा आई रडली, मीही रडले. हा श्लोक रडू नका म्हणून काही रागावत नाही, तो फक्त शेवटी 'लढ' म्हणतो. आणि लढाईचा हेतू बदलू शकतो, हेही समजून घ्यायला हवं. उद्या डॉक्टर म्हणाले, आता याला नुसता त्रास होतोय, तर 'जगू दे' ही आशा सोडून 'दुखू नये, एकटं नसावं' एवढंच काम हातात उरेल. तेही कामच आहे, पूर्ण मन लावून करायचं. आणि जगलं, तर दोन महिन्यांचं झाल्यावर चांगलं घर बघून द्यायचं. तिथे भरताला आठवायचं.

मैत्रिणीला मी सांगितलं, आशा मी कुठून आणत नाही गं. पुढचं फीड तेवढं असतं, दोन-अडीच तासांनी. ती थोडं थांबून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या डायलिसिसचं असंच आहे." मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

तुमच्याही घरात असं काही असेल. अंथरुणाला खिळलेलं माणूस, हाताबाहेर गेलेला मुलगा, वर्षानुवर्षं रखडलेलं एखादं काम. आजच्यासाठी अभ्यास एवढाच: त्याचं पुढे काय होणार, हा हिशेब एक दिवस भगवंताकडे ठेवा. पुढचं एक काम कोणतं ते ठरवा, आणि ते माझं-माझं न करता, नीट, वेळेवर करा. रात्री झोपताना तेवढंच त्याच्या पायाशी ठेवा.

राम कृष्ण हरी.