कुंडीतले झाड आणि आपले दायित्व

वाचकहो, आपल्या बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून दूर एखाद्या कोपऱ्यात मनीप्लांटची कुंडी असेल आणि तिची पाने एकामागून एक पिवळी पडत असतील, तर त्या वेलाचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे पक्षी, माणूस वा जनावर जे खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वांस ठाऊक आहे. मनीप्लांटचे मात्र कोणी काही खात नाही. उलट लहान मुलाने पान चघळले तर तोंडाची आग होते.

शाफिई फकीहांनी (कोकणातील आपले पुष्कळ बांधव याच मसलकचे) येथे भेद केला आहे. पाळीव जनावराचा चारापाणी मालकावर बंधनकारक आहे. झाडाला पाणी घालणे तसे बंधनकारक नाही. परंतु शक्य असताना न घालणे मकरूह, कारण त्यात मालाची नासाडी होते. निवाडा म्हणून हे पुरेसे आहे. तरीही कुंडीच्या बाबतीत मांजरीची हदीस मला अधिक जवळची वाटते. त्या स्त्रीने मांजरीला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यास सोडलेही नाही. रानातील वेलाची मुळे ओलावा शोधत जातात, शेंडा उजेडाकडे वळतो. वीतभर कुंडीत आणून हा मार्ग आपणच बंद केला. मांजर आणि वेल यांची बरोबरी येथे अभिप्रेत नाही. कोंडणाऱ्यावर येणारा भार तेवढा ओळखीचा आहे.

अडचण अशी की, ही झाडे पुष्कळदा आपल्या मायेनेच मरतात. पान पिवळे दिसले की घरातील जो तो पेलाभर पाणी ओततो. मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून वेल कोमेजतो आणि तो तहानेला समजून आपण आणखी पाणी घालतो. कोणी म्हणेल, कर्मांचा आधार नियतवर आहे आणि नियत तर नेक होती. मान्य, परंतु ज्याचे भले करावयाचे, त्याची गरज जाणून घेणे नियतच्या बाहेरचे कसे मानावे?

तेव्हा आधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी थांबवावे. मातीला कुजका वास येत असेल तर वेल अलगद काढून काळी, मऊ मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत आणि पांढरी, टणक मुळे राखावीत. तळाला छिद्र असलेल्या कुंडीत भुसभुशीत माती भरून तो पुन्हा लावावा. खिडकीजवळ, पण दुपारच्या कडक उन्हापासून बाजूला ठेवावा. नवे पान येईपर्यंत खत नको. पिवळे पान पुन्हा हिरवे होत नाही, त्याची वाट पाहू नये. मुळे सगळीच गेली असतील, तर पेरासह एक निरोगी तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवावा. काही आठवड्यांत पेरातून मुळे फुटतात. बाटलीतले पाणी दर आठवड्याला बदलण्याचे काम घरातील एखाद्या मुलावर सोपवावे, नंतर हात धुण्याची ताकीद देऊन.