तोंडावर हात ठेवून निघालेला लेवी

शास्त्रपाठ : शास्ते, अध्याय 17 व 18



पेण आणि नागोठणे यांच्या मध्ये कासू हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. येथून एका अंगास पेण-पनवेलची वाट, तर दुसऱ्या अंगास नागोठणे व रोहे. भातशेतीवर घर भागेनासे झाले म्हणजे तरुण मंडळी याच दोन वाटांनी कामाच्या शोधात निघतात. समजा, अशा एका तरुणास हमरस्त्यावरील गाड्या दुरुस्त करणाऱ्या लहान कारखान्यात काम मिळाले. धन्याने दुसऱ्या उमेदवारास परत पाठवून यास ठेवून घेतले. आठवडा लोटतो न लोटतो तोच रोह्याजवळील धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून अधिक पगाराचे बोलावणे आले. आता त्याने काय करावे?

शास्ते या पुस्तकात असाच एक प्रसंग आहे. यहूदातील बेथलेहेमाचा एक तरुण लेवी काम शोधीत एफ्राईमाच्या डोंगराळ प्रदेशात मीखाच्या घरी आला. मीखाने त्यास वर्षाला दहा शेकेल रुपे, अंगावर वस्त्र आणि पोटास अन्न देऊ केले. इतकेच नव्हे, तर आपल्या मुलांपैकी एकासारखे वागविले. पुढे दान वंशाचे सहाशे हत्यारबंद लोक आले. एका घराचा याजक होण्यापेक्षा एका वंशाचा याजक होणे बरे नव्हे काय, असे त्यांनी विचारले. लेव्याचे मन हर्षले. मीखाच्या देवघरातील वस्तू उचलून तो त्या लोकांच्या मधोमध चालू लागला.

मीखाचे ते देवघरच मुळात देवाच्या आज्ञेविरुद्ध होते, हे आम्ही विसरत नाही. तथापि आज आम्हांस एवढेच पाहावयाचे आहे की, तो लेवी गेला कसा. दानाच्या लोकांनी त्यास तोंडावर हात ठेवावयास सांगितले, आणि त्याने ठेवला. ज्याने पुत्रासारखे वागविले, त्याच्याशी तो एक शब्दही बोलला नाही. आजचा तरुण तोंडावर हात ठेवीत नाही. तो फोन बंद करून ठेवतो. अर्थ एकच.

अधिक वेतनाची इच्छा धरणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. घरी आजारी आई असेल, बहिणीच्या शाळेचा खर्च असेल. त्यांची काळजी वाहणे हाही धर्मच आहे. परंतु न सांगता निघून जाणाऱ्याच्या मागे तिघांचे नुकसान होते. धन्याचे हाती घेतलेले काम अडते. ज्या उमेदवारास परत पाठविले, त्याची संधी व्यर्थ जाते. आणि पुढे त्याच गावचा मुलगा दाराशी उभा राहिला म्हणजे धनी म्हणतो, “तुमच्या गावचा एक पाहिला; पुरे झाले.” या तिसऱ्याचा अपराध तो कोणता?

येथे एक भेद केला पाहिजे. उचल देऊन मजुरास कुटुंबासह बांधून ठेवणे, हा करार नव्हे, जुलूम होय. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली असून तिच्यातील कर्जही रद्द ठरले आहे. मोकळे होण्याची संधी मिळाल्यास दासाने ती साधावी, असे पौल करिंथकरांस लिहितो. अशा बंधनातून निघणाऱ्यास कोणी वचनभंगाचा दोष लावू नये.

परंतु जो मोकळेपणाने शब्द देतो, त्याची गोष्ट निराळी. आपल्या कोकणातील, दापोलीजवळील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिज येथे गणितात सीनियर रँग्लर झाले. मोठ्या पगाराच्या वाटा त्यांस मोकळ्या होत्या. तथापि पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीस दिलेला शब्द पाळून ते परत आले, आणि 1902 साली थोड्या वेतनावर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. ते ईश्वराविषयी साशंक होते. असा मनुष्य आपला शब्द पाळतो, मग आमचे होय ते होय असावे अशी आज्ञा ज्या प्रभूने दिली, त्याचे म्हणविणाऱ्या आम्ही काय करावे?

म्हणून त्या तरुणास आमचे सांगणे असे : मुदतीचे वचन दिले असल्यास ते पाळावे, किंवा धन्याकडून राजीखुशीने मोकळीक मागून घ्यावी. तसे वचन दिले नसल्यास जाण्यास हरकत नाही. परंतु प्रथम धन्यासमोर उभे राहून खरे कारण सांगावे. ठरलेले दिवस भरून द्यावे, घेतलेली उचल व हत्यारे परत करावी, आणि जमल्यास परत गेलेल्या त्या उमेदवारास स्वतः जाऊन निरोप द्यावा. धन्यानेही रागाच्या भरात त्याची कमाई अडवून ठेवू नये. मजुराची राखून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोब आम्हांस बजावतो.

उपदेशक बंधूंनो, तो लेवी धर्मसेवक होता हे ध्यानात असू द्या. लहान मंडळी सोडून मोठ्या मंडळीकडे जाण्याचे बोलावणे आपल्यालाही येते. तेव्हा आपला हात तोंडावर असतो की निरोपाच्या नमस्कारासाठी जोडलेला असतो, हे गावातील लेकरे पाहत असतात.

ज्या दाराने आपण आत आलो, त्याच दाराने उघड्या तोंडाने बाहेर पडण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.